मन्मथअप्पांचा राजीनामा

लातूरला शिकवण्यांच्या गल्लीतून जायची वेळ आली की मी मान खाली घालून चालतो. वर बघायची सोय नाही. इथून तिथवर पोरांचे फोटो टांगलेले असतात, फोटोखाली गुण आणि गुणांखाली सुविचार. 'कष्टाला पर्याय नाही.' 'चिकाटी हीच यशाची गुरुकिल्ली.' फोटोतली पोरं मात्र अशी दिसतात की त्यांना कुणीतरी भर झोपेतून उठवून कॅमेऱ्यापुढं उभं केलंय. परवा नातवासाठी चौकशी करायला एका वर्गात गेलो. मालकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि छाती काढून सांगितलं, "काका, आमच्याकडे नापास हा शब्दच नाही."

मी म्हटलं, "मग तुमच्याकडं आमच्या मन्मथअप्पांना प्रवेश मिळाला नसता."

"कोण मन्मथअप्पा?"

आता कोण म्हणून सांगणार? उदगीरचा मराठी माणूस, महसूल खात्यात कारकून, आणि मराठीच्या परीक्षेत अकरा वेळा नापास. मालक हसले. मी पण हसलो, कारण अप्पांची ओळख करून देताना हसायची आमच्या कचेरीची रीतच होती. घरी येईपर्यंत मात्र मला माझीच लाज वाटायला लागली. त्या माणसाबद्दल निदान एकदा तरी सरळ लिहावं, असं ठरवून बसलोय. सरळ किती जमेल ते बघू.

मी अहमदपूरच्या तहसिलीत टंकलेखक म्हणून लागलो, तेव्हा अप्पा चाळिशी ओलांडलेले होते. बुटके, गोल, डोक्यावर काळी टोपी आणि कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे. सकाळी तीन असायचे, दुपारपर्यंत घामानं एक पुसला जायचा, पाचच्या सुमारास नुसता पांढरा डाग उरायचा. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, त्यामुळं किती वाजले ते आम्ही अप्पांच्या कपाळावरून ठरवत असू. मधल्या सुट्टीत त्यांना सुशीला लागायचा, म्हणजे आपले भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे. डब्यात दुसरं काही निघालं की ते डब्याकडं बघून म्हणायचे, "आज घरात वातावरन बरं न्हाई."

भाषेचं त्यांचं सगळं गणित वेगळंच होतं. आई देगलूरकडची, वडील उदगीरचे, शाळा निजामाच्या राजवटीतली, म्हणून शिक्षण अलिफ बे पासून उर्दूत. अप्पा मोजायचे कानडीत, शिव्या द्यायचे तेलुगूत, लिहायचे उर्दूत आणि नापास व्हायचे मराठीत. बोलताना मराठी लोण्यासारखी. पण हातात टाक आला की आधी वापरलेल्या कागदाच्या पाठीवर उजवीकडून डावीकडं उर्दूत मजकूर उतरायचा, मग त्याची मराठी डावीकडून उजवीकडं निघायची. दोन्हीकडून सुटलेल्या गाड्यांची मधे कुठंतरी टक्कर व्हायची, आणि तो अपघात टंकलेखनासाठी माझ्याकडं यायचा.

राज्य मराठी झालं तेव्हा हुकूम निघाला होता की, ज्यांचं शिक्षण मराठीत झालेलं नाही अशा नोकरांनी खात्याची मराठीची परीक्षा पास व्हावी, नाहीतर बढती नाही. अप्पांनी तोवर त्या परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरला नव्हता. हेडक्लार्कनं टोकलं की म्हणायचे, "माझी माय मला मराठीत मारत व्हती. आता आनखी काय परीक्षा द्यायची?"

बढतीचा मोह त्यांना नव्हता. कष्टाचा तर त्याहून नव्हता. कचेरीत येऊन टेबल झटकण्यात त्यांचा अर्धा तास जायचा आणि दौत भरण्यात पाऊण. आळशी म्हणायला हरकत नव्हती, आणि आम्ही म्हणतही होतो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला.

विहिरींनी तळ दाखवला, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी घशाखाली उतरेनात, आणि अख्खा तालुका खडी फोडायला रस्त्यावर बसला. कारकुनांना एकेका कामावर हजेरी घ्यायला पाठवलं. अप्पांच्या वाट्याला एक माळ आला. तिथं झाड म्हणाल तर एक बाभळ, आणि तिच्याखाली आधीच ओव्हरसियरची खुर्ची. दोनशेवर बायाबापड्या उन्हात दगड फोडत होत्या. मी आठवड्यातून एकदा कागद न्यायला तिकडं जायचो आणि अप्पांची हजेरी ऐकायचो. ती ऐकण्यासारखी असायची.

नियम असा की नाव पुकारलं आणि ओ आली नाही तर गैरहजर. अप्पा प्रत्येक नाव तीनदा पुकारायचे. पहिली हाक साधी. दुसरी माळाच्या पार टोकापर्यंत जाईल अशी. दुसरी आणि तिसरीच्या मधे ते टोपी काढायचे, घाम पुसायचे, चष्म्यावर फुंकर मारायचे, टाक झटकायचे. तेवढ्यात लांबून कुणीतरी लुगडं सावरत पळत यायची. मग तिसरी हाक. ओव्हरसियर करवादायचा, "अप्पा, हजेरी घेताय का लग्नाला बोलावताय?" अप्पा म्हणायचे, "सायब, त्या चार कोसांवरून चालत येऊन राहिल्या. मी टोपी बी काढू नको का?"

या कामावर कोंडाबाई म्हणून एक विधवा होती. काटक, तोंडाची फटकळ, आणि बायकांची पुढारीण. तिची पोरगी सुमन गावात चौथीला होती. कोंडाबाई हातोडा घालता घालता सगळ्यांना ऐकवायची, "माझी सुमी पुडीचा कागद बी वाचती. मिठाच्या पुडीवर काय काय लिवलेलं असतं, तुमाला ठावं हाय का?" मिठाच्या पुडीवरच्या जुन्या बातम्या सगळ्या माळाला तोंडपाठ झाल्या होत्या. अप्पाही त्या ऐकायचे. एकदा मला म्हणाले, "पोरगी माझ्याहून बरं वाचती रं."

चार-पाच महिन्यांत त्या माळावरचा दगड संपला. पुढचं काम निघालं ते आणखी तीन कोस लांब. एवढ्या लांब जायला मजूर राजी आहेत का, ते विचारून कळवा, असा कागद आला. अप्पांनी विचारलं. बायका म्हणाल्या, जाऊ की, न जाऊन सांगता कुणाला. अप्पांनी अहवाल लिहिला आणि खाली सगळ्यांचे अंगठे घेतले. अहवालात त्यांनी लिहिलं होतं: 'सर्व मजुरांचा राजीनामा घेतला आहे.'

त्यांच्या उर्दूत राजीनामा म्हणजे राजीखुशीनं दिलेली संमती. जुन्या मिसलींत, म्हणजे निजामाच्या वेळच्या फायलींत, तोच अर्थ असायचा. मराठीत राजीनामा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

तो कागद माझ्याकडं आला. मी मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिला. अप्पांची मराठी शुद्ध करून टंकित करणं हे माझं काम, आणि तशी हौसही होती. मजुरांनी राजीनामे दिले म्हटल्यावर पुढं काय, हे ओघानं आलंच, एवढी अक्कल मला होती. मी एक वाक्य पदरचं घातलं: 'सबब सदर काम बंद करण्यास हरकत नसावी.' वाक्य डौलदार झालं होतं. साहेबांनी सही केली. वर कुणाची हरकत नव्हतीच.

काम बंद झालं. नव्या जागचं सुरूच झालं नाही.

गोंधळ लक्षात यायला तीन दिवस लागले आणि निस्तरायला आणखी आठ. त्या आठ दिवसांत आमचा आळशी माणूस रोज त्या माळापासून तहसिलीपर्यंत आणि तहसिलीपासून बांधकामाच्या कचेरीपर्यंत चालत होता, कारण एस.टी. वेळेवर मिळेल याची खात्री नव्हती आणि त्यांना घाई होती. मी अप्पांना घाईत पहिल्यांदाच बघत होतो. साहेबांनी त्यांना उभं करून विचारलं, "राजीनाम्याचा अर्थ माहीत नाही तुम्हाला? मराठी आहात ना?"

अप्पा म्हणाले, "आता म्हाईत झाला."

त्यांना ठपक्याचा कागद मिळाला. त्यात 'मराठी भाषेचे अज्ञान' असं लिहिलं होतं. तो कागद मीच टंकित केला. माझ्या वाक्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. शुद्धलेखनाची चूक त्यात नव्हती.

अकराव्या दिवशी काम उघडलं, तेव्हा बरेच लोक आले, काही आले नाहीत. कोंडाबाई आली नाही. तिनं दोन दिवस वाट बघितली होती, मग पोरगी घेऊन भावाबरोबर नांदेडच्या पलीकडं, किनवट तालुक्यात इस्लापूरच्या रानाकडं निघून गेली होती. तिकडं जंगलात बांबू तोडायचं काम होतं. शाळा नव्हती. सुमनची चौथी सुटली ती सुटलीच.

अप्पा नव्या कामावर रोज तिचं नाव पुकारायचे. तीनदा. टोपी काढायचे, घाम पुसायचे, टाक झटकायचे, तिसरी हाक द्यायचे. हजेरीपटावर तिच्या नावापुढं गैरहजर लिहायचे नाहीत, जागा कोरी ठेवायचे. असा महिना गेला. ओव्हरसियरनं तक्रार केली, तेव्हा तिचं नाव पटावरून वरच्यांनी काढलं. अप्पांनी काढलं नाही.

त्याच वर्षी त्यांनी मराठीच्या परीक्षेचा फॉर्म भरला.

कचेरीत हसून हसून पुरेवाट झाली. अप्पांना बढतीची स्वप्नं पडायला लागली, असंच सगळ्यांना वाटलं. मला तसं वाटलं नव्हतं. पण मी हसण्यात सामील होतो. वेगळं हसलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं.

परीक्षेचं केंद्र नांदेडला. पहिल्या वर्षी निबंधाचा विषय आला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. अप्पांनी लिहिलं: 'पावसाळ्यात एक दिवस पाऊस येतो असे ऐकले. यंदा तो मी पाहिला नाही. न पाहिलेले लिहिणे योग्य नव्हे.' निबंध संपला. वीसपैकी शून्य. परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, "अप्पा, कल्पना करायची असते." ते म्हणाले, "कल्पना करूनच तर माती झाली, बाबा." ते मला उद्देशून होतं की नाही, हे मी पुढं कितीतरी वर्षं ठरवत होतो.

दुसऱ्या वर्षी म्हणी आणि वाक्प्रचारांनी घात केला. 'हातावर तुरी देणे' याचा वाक्यात उपयोग करा. अप्पांनी लिहिलं, 'आमच्या बाजारात हातावर तुरी देत नाहीत, मापाने देतात.' ज्या मुलखात तुरीच्या भावावर लोकांची लग्नं ठरतात, तिथल्या माणसानं दुसरं काय लिहावं? तिसऱ्या वर्षी व्याकरण. उर्दूत नपुंसकलिंग नाही, त्यामुळं अप्पांची मराठीतली सगळी पुस्तकं, झाडं आणि टेबलं कुणी पुरुष, कुणी बाई होऊन बसली. निकाल ऐकून ते गळ्यातल्या लिंगाच्या डबीला हात लावून म्हणाले, "लिंग बांधून फिरनारा मानूस मी, आन् नापास कशात झालो? लिंगविचारात!"

त्यांचा अभ्यास पाहण्यासारखा होता. तो आपल्या सुविचारांतल्यासारखा अजिबात नव्हता. पहाटे उठून ते कधीच घोकत बसले नाहीत. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक वही असायची. दिवसभरात कुणाच्या तोंडून एखादा शब्द आला, आणि त्याचा कागदावर वेगळा अर्थ निघू शकतो असं त्यांना वाटलं, की ते त्या माणसाला थांबवायचे. "माने काय त्याचा?" अर्ज घेऊन आलेला शेतकरी असो, शिपाई असो की साहेब. सांगितलेला अर्थ वहीत लिहायचे आणि परत विचारायचे, "दुसरा काई अर्थ निघत न्हाई ना?" लोक वैतागायचे. तलाठी तर त्यांना लांबून बघितलं की रस्ता बदलायचे. दिवसाला एकच शब्द, पण एकही दिवस खाडा नाही. परीक्षेला त्यातला एक शब्द यायचा नाही, ही गोष्ट निराळी. अप्पांचा अभ्यास परीक्षेसाठी नव्हताच मुळी. परीक्षा ही त्या अभ्यासाची नुसती तारीख होती.

तिसऱ्यांदा नापास झाले, त्याच वर्षी त्यांना पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली. नियमानं त्यांना परीक्षेतून सूट मिळाली, आणि तिच्यामागोमाग अव्वल कारकून म्हणून बढतीही. बढती त्यांनी घेतली. तेवढे काही ते वेडे नव्हते. पेढे वाटले आणि त्याच हातानं अर्ज लिहिला: 'सूट दिल्याबद्दल आभार. परंतु मला सूट नको. परीक्षा पाहिजे.'

असा अर्ज खात्यानं जन्मात पाहिला नव्हता. सूट मागणाऱ्यांच्या अर्जांना कपाट होतं, सूट नाकारणाऱ्याला ठेवायचं कुठं? तो कागद वर गेला, आणखी वर गेला, आणि वर्षानं परत आला. शेरा होता, 'दप्तरी दाखल'. अप्पांनी त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "म्हणजे काही नाही." अप्पांनी वहीत लिहून घेतलं आणि फॉर्म भरला.

असं करत ब्याऐंशी उजाडलं. उस्मानाबादचे दोन तुकडे होऊन लातूर जिल्हा झाला, आणि आमची बदली नव्या कचेरीत झाली. नवा जिल्हा म्हणजे काय थाट! फेटे, मंडप, भाषणं. कचेरीत मात्र खुर्च्या कमी, कपाटं त्याहून कमी, आणि छापील फॉर्म, कोरे आणि भरून आलेले, सगळे जुने. सगळ्यांच्या डोक्यावर 'जिल्हा उस्मानाबाद'. वरून हुकूम आला की जुनं नाव खोडून नवं हातानं लिहावं. पाच कारकून बसवले. चार जण रेघ मारायचे, वर 'लातूर' खरडायचे आणि गठ्ठा उडवायचे. पाचवे अप्पा. ते एकेक फॉर्म खालपर्यंत वाचायचे आणि मग खोडायचे. दिवसाला त्यांचा अर्धा गठ्ठा व्हायचा. हेडक्लार्कनं डोक्याला हात लावला. अप्पा म्हणाले, "खोडायच्या आदी वाचावं मानसानं." दोन दिवसांनी त्यांनी एक गठ्ठा बाजूला काढून दाखवला. त्यात 'उस्मानाबाद' हे अर्जदाराच्या जन्मगावाच्या रकान्यात होतं. इतरांनी तशा कित्येकांना एका फटक्यात लातुरात जन्माला घातलं होतं.

त्या वर्षी ध्वजवंदनानंतर एका साहेबांनी आम्हाला चिकाटीवर भाषण दिलं. त्यात तो कोळी होता. भिंतीवरून सात वेळा पडणारा आणि आठव्यांदा चढणारा. साहेबांना कुणीतरी अप्पांबद्दल सांगितलं असावं, कारण शेवटी ते म्हणाले, "आपल्या कचेरीतही असा एक कोळी आहे!" सगळे अप्पांकडं बघून टाळ्या वाजवायला लागले. अप्पाही वाजवत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "कोळी चढतो ते माशी खायला. त्याचं कवतिक कशाला?"

मग साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "अप्पा, तुम्हाला सूट आहे, बढती मिळालीय. मग परीक्षेसाठी दरवर्षी रजा कशाला घेता?"

अप्पा म्हणाले, "सायब, सूट मिळाली. पर मराठी कुटं मिळाली?"

साहेबांना हे फार आवडलं. पुढच्या भाषणात कोळ्याच्या जागी अप्पा आले. भाषा, अस्मिता वगैरे बरंच काही झालं. मी मागच्या रांगेत बसून खालच्या सतरंजीकडं बघत होतो. त्या सगळ्या सभेत राजीनाम्याबद्दल माहीत असलेले आम्ही दोघंच होतो.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना अप्पा पास झाले. पस्तीस लागत होते, छत्तीस पडले. निबंध होता, 'माझी चूक'. विषय त्यांना पहिल्यांदाच अनुभवातला मिळाला होता. यादीत त्यांचं नाव मीच पहिल्यांदा वाचलं. कचेरीनं हार आणला, नारळ आणला. अप्पांनी हार घालून घेतला, नारळ पिशवीत टाकला आणि मला म्हणाले, "उद्या रजा टाक. इस्लापूरला जायचं."

मी विचारलं नाही कशाला. नांदेडला गाडी बदलली. तिथून भोकर, हिमायतनगर करत आमची एस.टी. धुरळा खात निघाली. अप्पांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि घडी घातलेला एक कागद. तीन वेळा त्यांनी तो काढून मनात वाचला. भोकर गेल्यावर खिडकीबाहेर बघत बघत म्हणाले, "तू तवा माझी मराठी शुद्ध केलीस."

मी म्हटलं, "हो."

"चांगली केली व्हतीस," ते म्हणाले. एवढंच. तेरा वर्षांत त्या विषयावर आमचं झालेलं हे सगळं बोलणं.

कोंडाबाई लेकीच्या घरी राहत होती. घर म्हणजे कुडाच्या दोन खोल्या आणि पुढं सारवलेलं अंगण. सुमन आणि तिचा नवरा कापूस वेचायला गेले होते. म्हातारी शेंगा फोडत बसली होती. हात तेवढेच काटक, तोंडात दात थोडे. तिनं आम्हाला ओळखलं नाही. अप्पांनी अंगणाच्या कडेला उभं राहून टोपी काढली, घाम पुसला आणि माळावरच्या आवाजात हाक दिली, "कोंडाबाई!"

म्हातारी चमकली. मग हसली. "हजर हाय की," ती म्हणाली. "हे तर हजेरीवालं अप्पा!"

तिनं चहा टाकला. अप्पांनी तिच्यापुढं नारळ ठेवला, चष्मा पुसला, उभे राहिले आणि कागद उघडून मोठ्यानं वाचायला लागले. "माननीय श्रीमती कोंडाबाई यांसी, सविनय निवेदन. सन एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळी कामावर असताना मजकडून अनवधानाने घडलेल्या शब्दप्रमादामुळे आपणांस ज्या हालअपेष्टा सोसाव्या लागल्या, त्याबद्दल मी अंतःकरणपूर्वक दिलगीर आहे." असं पानभर होतं. एक वेलांटी चुकलेली नव्हती. पुस्तकं, झाडं, टेबलं, सगळी आपापल्या लिंगात होती.

कोंडाबाईनं मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "लई चांगलं वाचलात. आता मराठीत सांगा."

मला हसू आलं, आणि अप्पांच्या चेहऱ्याकडं बघून ते तिथंच विरलं. त्यांनी कागदाची घडी घातली. खाली बसले, तिच्यासमोर, शेंगांच्या ढिगाच्या पलीकडं.

"बाई, तुमी म्हनल्या व्हत्या, लांबच्या कामावर जायला राजी हाव. मी कागदावर राजीनामा लिवलं. आमच्या उर्दूत त्याचा माने राजीखुशी. त्यांनी वाचलं, तुमी सगळ्यांनी काम सोडलं. म्हनून बंद झालं."

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजी काम संपलं न्हवतं?"

"न्हाई."

"सरकारनं बंद न्हाई केलं?"

"न्हाई. माझ्या एका शब्दानं केलं."

आणि माझ्या एका वाक्यानं. हे तेव्हा, तिथं, त्या अंगणात बोलायला हवं होतं. दोन हातांवर तर ती बसली होती. मी चहाच्या कपात बघत बसलो. मराठीत मी पहिल्या प्रयत्नातच पास झालो होतो ना! अप्पांनी माझं नाव काढलं नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

कोंडाबाईनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "आन् एवढं सांगायला तेरा वर्सं?"

"लिवता येत न्हवतं," अप्पा म्हणाले.

"माझी सुमी शाळंत ऱ्हायली असती, तर तिनं दोन दिसांत शिकिवलं असतं तुमाला."

अप्पा नुसते "हाव" म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. कोंडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं समजूत काढली नाही, 'असू द्या' म्हणाली नाही. थोड्या वेळानं उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येणार नाही. आली ती एक चुरगळलेला कोरा फॉर्म घेऊन. निराधार बायकांना मदत मिळते, त्याचा होता. गावातला एक जण भरून देतो म्हणून चार महिने फिरवत होता.

"आता येतंय नव्हं लिवाया?" तिनं फॉर्म अप्पांपुढं टाकला. "मग लिवा."

अप्पांनी डोळे पुसले, टाक काढला, झटकला. कागदाच्या पाठीवर उर्दू उतरली नाही, थेट मराठी सुरू झाली. पण एक ओळ लिहायची की टाक थांबायचा. ती ओळ ते तिला वाचून दाखवायचे, तिच्या बोलीत परत सांगायचे आणि विचारायचे, "असंच म्हनायचं ना तुमाला? दुसरा काई अर्थ निघत न्हाई ना?" ती हाव म्हणेपर्यंत पुढची ओळ नाही. नाव, गाव, नवरा कधी वारला, जमीन नाही, पोरगा नाही. अर्ध्या पानाचा फॉर्म. मला लिहायला पाच मिनिटं लागली असती. माझ्या घड्याळात सव्वा तास झाला, साडेतीनची गाडी रस्त्यावरून हॉर्न वाजवत निघून गेली, आणि अप्पांच्या कपाळावर विभूतीचा नुसता पांढरा डाग उरला होता.

अप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण कष्ट म्हणा, चिकाटी म्हणा, असले शब्द कुठं टांगलेले दिसले की मला ते त्याच अंगणात दिसतात. शेवटची ओळ लिहून झाली. कोंडाबाईनं सवयीनं अंगठा अप्पांच्या शाईच्या डबीत बुडवला आणि कागदाकडं नेला. अप्पांनी तिचं मनगट मधेच धरलं.

"थांबा बाई," ते म्हणाले. "अंगठा मागून. आदी पहिल्यापासून सगळं ऐका."